टोबीची थाळी

पवित्र शास्त्रात कुत्र्याच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. नीतिसूत्रांच्या कर्त्याने मूर्खाच्या मूर्खपणाला उपमा दिली ती कुत्र्याची. संत पौलाने फिलिप्पैकरांना दुष्ट कामदारांपासून सावध केले तेव्हा त्यांना नाव दिले तेही कुत्र्याचे. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराचे फोड चाटायला कुत्रेच आले, आणि कनानी स्त्रीने आपल्या लेकीसाठी प्रभूशी जो विलक्षण वाद घातला, त्यात धन्याच्या मेजावरून खाली पडणाऱ्या तुकड्यांवर जगणारा प्राणीही तोच. माणसाचा सोबती म्हणून तो दिसतो तो तोबीतच्या ग्रंथात. तरुण तोबिया राफाएल देवदूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा घरचे कुत्रे त्यांच्या मागोमाग निघते, आणि ते परततात तेव्हाही ते बरोबर असते. त्याने प्रवासात काय केले, याविषयी ग्रंथकार एक अक्षर लिहीत नाही. ते बरोबर होते, एवढेच.

आमच्या मिशनच्या आवारात एक कुत्रा आला तेव्हा आम्ही त्याचे नाव टोबी ठेवले ते या आठवणीने. नाव पवित्र होते. कुत्रा मात्र तसा नव्हता. आणि त्याच्याशी वागणारे आम्हीही नव्हतो. आज हे लिहिण्याचे कारण तेच आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी सुरू झाली. वसतिगृहातील मुले घाईघाईने घरी धाडली होती. चर्चचे दार लोटलेले. झावळ्यांच्या रविवारी आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण केला आणि झावळीची एकच फांदी आशीर्वादित केली. त्याच पुण्य सप्ताहात हा कुत्रा स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर येऊन बसला. फाट्यावरच्या एस.टी. स्टँडाजवळ भज्यांच्या गाड्या असत, पलीकडे मटणाचे दुकान असे. त्यांच्या उष्ट्यावर जगणारी दहा-पंधरा कुत्री होती. गाड्या बंद झाल्या, दुकान बंद झाले. माणसांना निदान काय घडले आहे ते कळत होते. कुत्र्यांना तेही कळत नव्हते. त्यांपैकी किती जगली, हे आम्ही कधी मोजले नाही. एक आमच्या पायरीशी आला, एवढे खरे. फासळ्या मोजून घ्याव्यात असा तो होता.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला जर्मनच्या थाळीत दूधभाकरी कुस्करून घातली. त्याने ती खाल्ली म्हणणे बरोबर नाही. ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी गेलाच नाही. महिन्याभरात अंगावर मांस चढले, केस चकाकू लागले, आणि संध्याकाळच्या रोझरीच्या वेळी तो आमच्या पायांशी येऊन झोपू लागला. इतका गरीब, इतका प्रेमळ प्राणी! फक्त थाळी पुढे आली की तो निराळा होई. मान ताठ, पाय रोवलेले, सर्व अंग थाळीवर ओणवे, डोळ्यांचे पांढरे दिसू लागत, आणि छातीतून एक खोल गुरगुर उठे. मावशी थाळी ठेवून चार पावले मागे सरकत.

आम्हाला त्या गुरगुरीचा राग आला. सेमिनरीत आम्हाला शिस्तीचे धडे मिळाले होते, आणि पुढे वसतिगृहाचे रेक्टर म्हणून ते आम्ही गिरवलेही होते. आम्ही खाऊ घालतो, आमच्याच आवारात राहतो आणि आमच्यावरच गुरगुरतो! कृतघ्नपणा खपवून घेता कामा नये, असे आम्ही ठरवले. हातात वेताची छडी घेतली. तो गुरगुरला की छडी. पुन्हा गुरगुरला की थाळी काढून घ्यायची. कोणीतरी सांगितले होते की मालक कोण हे कुत्र्याला दाखवावे लागते. आम्ही दाखवले. दोन-अडीच महिन्यांत टोबी गुरगुरेनासा झाला. आम्ही मावशींना मोठ्या समाधानाने म्हणालो, “बघा मावशी, सुधारला की नाही?” मावशी काही बोलल्या नाहीत. त्या मात्र अजूनही थाळी ठेवून चार पावले मागेच सरकत.

पुढे शाळा कधी उघडल्या, कधी बंद झाल्या. २०२२ च्या जूनमध्ये वसतिगृह पुन्हा भरले. त्यात बरीचशी मुले ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. आईबाप हंगामात कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, आणि मुलांची शाळा सुटू नये म्हणून त्यांना आमच्याकडे ठेवतात. दोन वर्षे मुके झालेले आवार एका दिवसात बोलू लागले. टोबी मुलांत रमला. मुले त्याच्या पाठीवर हात फिरवीत, चेंडू फेकीत, तो आणून देई.

जुलैमधली एक संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता. चेंडू घरंगळत स्वयंपाकघराच्या पायरीशी गेला. टोबी तिथे खात होता. दहा वर्षांचा एक मुलगा चेंडू उचलायला वाकला, आणि टोबीने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. ना गुरगुर, ना दात दाखवणे. क्षणात घडले.

आम्ही मुलाचा हात नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुतला, आणि त्याला मोटारसायकलवर घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. टोबीला रेबीजची लस टोचलेली होती. तरीही मुलाला लसीचा पहिला डोस त्याच रात्री दिला, पुढचे ठरल्या दिवशी दिले, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली. जखम खोल नव्हती, देवाची कृपा. परतताना मुलगा आमच्या पाठीला बिलगून बसला होता. वाटेत तो एकच वाक्य बोलला, “फादर, त्यो गुरगुरलाच न्हाई. गुरगुरला असता तर म्या थांबलो असतो.”

आम्ही प्रवचने पुष्कळ दिली आहेत आणि पुष्कळ ऐकलीही आहेत. या वाक्याइतके अंतःकरणात रुतलेले प्रवचन आठवत नाही. कारण तो का गुरगुरला नाही, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, आम्हाला होते. त्याची गुरगुर आम्हीच छडीने काढून घेतली होती. भीती तशीच आत राहिली होती. फक्त तिची घंटा आम्ही उतरवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप आला. तो चिडला असता तर बरे झाले असते. त्याने मुलाचा हात पाहिला आणि म्हणाला, “जनावर हाय फादर, चालायचंच. तुमी हायेत म्हनून पोरगं ठेवलंय.” एवढ्या विश्वासापुढे उभे राहणे कठीण असते.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. विषय एकच. एका सभासदांचे म्हणणे, टेम्पोत घालून कुत्रा नदीपलीकडे सोडून द्यावा. दुसरे म्हणाले, एकदा चावलेले जनावर पुन्हा चावते, त्याचा कायमचा बंदोबस्त करावा. दोघेही निर्दय नव्हते. त्यांच्या घरी लहान मुले होती. तेव्हा आम्ही छडीची हकीकत सांगितली. ती आमच्या धर्मग्रामाने आमच्या तोंडून प्रथमच ऐकली. सभा थोडा वेळ गप्प झाली. अखेर ठरले की टोबीचे खाणे त्याच क्षणापासून कोठाराच्या मागच्या अंगणात, फाटक लावून व्हावे. कोणाही मुलाने तिथे जाऊ नये. खाण्याव्यतिरिक्तही तो मोठ्या माणसाच्या नजरेखालीच मुलांत असावा. आणि नाताळपर्यंत फरक पडला नाही तर कौन्सिल सांगेल ते आम्ही ऐकावे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर बाईंकडे आम्ही टोबीला नेले. त्यांनी आधी त्याचे दात, कान, पोट तपासले. दुखणाऱ्या जनावराचा स्वभाव दुखण्याने बिघडतो, म्हणून प्रथम ते पाहायचे असते. जंताचे औषध दिले. मग त्यांनी आमची हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “फादर, गुरगुरणं हा अपराध नाही. ते त्याचं सांगणं आहे. जवळ येऊ नका, मला भीती वाटते, एवढंच तो म्हणतो. तुम्ही त्याला सांगायलाच बंदी केलीत.”

आम्ही म्हणालो, “पण त्याचं अन्न आम्ही कशाला घेऊ? आम्हीच तर देतो.”

त्या म्हणाल्या, “देता, आणि काढूनही घेत होता ना?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यांनी सांगितलेला उपाय ऐकायला अगदी सोपा होता. माणूस थाळीजवळ आला की माझे काही जाईल, ही त्याची समजूत आहे. तिच्या जागी, माणूस आला की मला काही अधिक मिळेल, ही समजूत बसवायची. जबरदस्तीने नव्हे, एकदम नव्हे. त्याला भीती वाटणार नाही इतक्या दुरून, आणि रोज थोडे थोडे. थाळीत साधी भाकरी असावी आणि आपल्या हातात तिच्याहून चांगला घास. मावशींनी सुचवले, सुके बोंबील द्यावेत, त्यांच्या वासाने कुत्रे वेडे होते. डॉक्टर बाईंनी मिठामुळे नको म्हटले. उकडलेल्या कोंबडीच्या कलेजीचे बोराएवढे तुकडे ठरले. कांदा नको, लसूण नको, आणि शिजवलेली हाडे मुळीच नकोत, असेही त्यांनी बजावले.

या विद्येचे मूळ शोधू लागलो तेव्हा इवान पावलोवच्या नावाशी येऊन थांबलो. घंटी आणि कुत्र्याची लाळ, एवढे त्याच्याविषयी शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. ठाऊक नव्हते ते हे की, १८४९ साली रशियातल्या रियाझान गावी जन्मलेला हा शास्त्रज्ञ ऑर्थोडॉक्स धर्मगुरूचा मुलगा होता, आणि स्वतः धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकतही होता. १८७० साली ती वाट सोडून तो विज्ञानाकडे वळला. पचनक्रियेवरील कामासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खुणेची आणि अन्नाची सांगड प्राण्याच्या शरीरातच कशी बसते हे त्याने दाखवले. ही सांगड सुखाची बसते तशी धास्तीचीही बसते. आमच्या पावलांचा आवाज टोबीच्या मनात कशाशी जोडला गेला होता, ते आता आम्हाला कळत होते.

ऑगस्टमध्ये आम्ही आरंभ केला. फाटकाशी, थाळीपासून बारा पावलांवर उभे राहिलो. टोबीने एकदा वर पाहिले आणि पुन्हा खाऊ लागला. आम्ही कलेजीचा तुकडा थाळीजवळ पडेल असा फेकला आणि पाठ फिरवून निघून आलो. निघून येणे हाच त्यातला अवघड भाग. दिल्यावर थांबून पाहावे, त्याने आपल्याकडे कृतज्ञतेने पाहावे, ही इच्छा माणसाची फार जुनी आहे. डॉक्टर बाईंची ताकीद होती की देऊन निघून या. तुम्ही जाता हे पाहूनच त्याला धीर येईल. त्या दिवशी चार वेळा गेलो, चार तुकडे टाकले, चार वेळा परतलो. तीन दिवसांनी अकरा पावले. मग दहा.

नियम एकच होता. त्याचे खाणे एकाएकी भरभर झाले, मान ताठली, किंवा तो तोंड थाळीत ठेवून दगडासारखा स्तब्ध झाला, तर आपण फार जवळ आलो असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी दोन पावले मागून सुरुवात करावी. त्याला दोष द्यायचा नाही. चूक मोजणाऱ्याची.

सप्टेंबरात आम्ही सहा पावलांवर पोहोचलो. तो दिवस हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेच्या गडबडीचा. दोन बसगाड्यांची व्यवस्था पाहायची होती, मनात घाई होती, आणि सहाच्या जागी आम्ही तीन पावलांवर जाऊन उभे राहिलो. टोबी थिजला. आणि मग, दोन वर्षांनी प्रथमच, तो हलकेच गुरगुरला.

आम्ही जागच्या जागी थांबलो. तुकडा टाकला आणि मागे फिरलो. स्वयंपाकघरात येऊन मावशींना म्हणालो, “मावशी, आज टोबी गुरगुरला!” आमचा चेहरा पाहून त्या हसू लागल्या. पूर्वी ज्या आवाजासाठी आम्ही छडी उगारली, त्याच आवाजाने आज आम्हाला इतका आनंद व्हावा! त्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली होती. सांगितले तर ऐकले जाईल, एवढा विश्वास त्याच्यात परत आला होता. पुढच्या दिवशी आम्ही आठ पावलांवरून आरंभ केला.

संत फ्रान्सिस असिसीकर आणि गुब्बियोचा लांडगा ही गोष्ट आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक आहे. आपण ती सांगतो ती चमत्कार म्हणून: संताने क्रुसाची खूण केली आणि लांडगा पायाशी लोळला. त्या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने उरकतो. लांडग्याने जे केले ते भुकेपोटी केले हे फ्रान्सिसने ओळखले. त्याने गावकऱ्यांकडून लांडग्याला रोज अन्न देण्याचे वचन घेतले, आणि लांडग्याकडून कोणाला न दुखावण्याचे. पुढे दोन वर्षे, म्हातारा होऊन मरेपर्यंत, तो लांडगा दारोदार जाऊन खात असे. आम्हाला वाटू लागले की गुब्बियोत खरा पालट प्रथम गावकऱ्यांत घडला. लांडग्यावर ओरडणे बंद करून रोज त्याच्यासाठी काही बाजूला काढून ठेवायचे, ही साधना सोपी नाही.

त्या दिवसांत आम्हाला आमची आजी वारंवार आठवू लागली. १९७२ च्या दुष्काळात आम्ही अगदी लहान होतो. आजी आणि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. ते दिवस गेले, पाऊस आला, घरात ज्वारी आली, पण आजीच्या मनातला दुष्काळ काही गेला नाही. ती जेवताना अर्धी भाकरी पदराआड करी, आणि पुढे ती फडक्यात बांधून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवी. पेटीला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. आम्ही नातवंडे गंमत म्हणून पेटीकडे जात असू, आणि ती अशी काही ओरडे की आम्ही अंगणात पळत सुटू.

काकांनी एकदा ती पेटी रिकामी केली. शिळ्या, बुरशी धरलेल्या भाकरी उकिरड्यावर टाकल्या. आजी दोन दिवस जेवली नाही, आणि त्यानंतर तिच्या गाठी अंथरुणात, चुलीमागे, धान्याच्या कणगीत सापडू लागल्या. मग आईने एक गोष्ट केली. रोज रात्री झोपण्याआधी ती आजीच्या उशाशी एक ताजी चतकोर भाकरी फडक्यात बांधून ठेवी आणि काही न बोलता निघून जाई. सकाळी ती तिथे असो वा नसो, रात्री दुसरी ताजी चतकोर येईच. एक दिवसही तिने चुकवले नाही. वर्षे गेली. आम्ही सेमिनरीत असताना आजी प्रभूघरी गेली. पेटी उघडली तेव्हा तिच्यात लुगडी होती, जपमाळ होती, आजोबांचा फोटो होता. भाकरीची गाठ एकच निघाली, तीही उशाखाली. आदल्या रात्री आईने ठेवलेली.

आई शाळेची पायरी चढली नव्हती. पावलोवचे नाव तिने ऐकले नव्हते. आम्ही मात्र सेमिनरीत वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, आणि भुकेल्या जनावरापुढे उभे राहिलो ते छडी घेऊन.

इस्राएली लोकांना अरण्यात मान्ना मिळाला तेव्हा काहींनी तो उद्यासाठी साठवला आणि त्यात किडे पडले. पूर्वी या प्रसंगावर बोलताना आम्ही लोकांच्या अविश्वासावर कडक शब्द वापरीत असू. आता वाटते, ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरीत राहून आली होती. उद्या मिळेल यावर एका सकाळीत विश्वास कसा बसावा? देवाने त्यांना टाकून दिले नाही. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्ना पाठवला, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि असा चाळीस वर्षे.

इथे आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. टाळेबंदीत मिशनतर्फे शिधावाटप होत असे. आमच्या धर्मग्रामातील एक विधवा आजीबाई एकदा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या रांगेत पुन्हा उभ्या राहिल्या. विचारले तर म्हणाल्या, मिळालंच न्हाई. यादीत त्यांचा अंगठा होता. आम्ही तो सर्वांसमोर दाखवला आणि दोन शब्द सुनावले. पुढच्या वाटपाला त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. त्यांना चूक उमगली असावी, असे म्हणून आम्ही यादीतील त्यांच्या नावापुढे रेघ ओढली होती.

टोबी पुन्हा गुरगुरला त्या आठवड्यात त्या रेघेची आठवण झाली. गप्प झालेले माणूस सुधारलेले असते, हे आम्हाला कोणी सांगितले होते? आम्ही सिस्टरांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला बसायला गोधडी टाकली, पाणी दिले, आणि सारा वेळ दाराच्या चौकटीकडे पाहत राहिल्या. आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या फादर, व्हतं असं.” पण नजर उचलली नाही. आम्हाला ती नजर ओळखीची वाटली. आम्ही अजून बारा पावलांवर होतो.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्वारी, डाळ आणि तेलाची पिशवी त्यांच्या ओट्यावर ठेवायची आणि फार न बोलता निघून यायचे, असा परिपाठ ठेवला. पाचव्या की सहाव्या महिन्यात आम्ही निघालो तेव्हा मागून आवाज आला, “फादर, च्या घेऊन जा की.” त्या दिवशीच्या चहात साखर फार होती. आम्ही दोन कप प्यालो.

टोबीचे पुढचे सांगायचे तर, ऑक्टोबरअखेर आम्ही त्याच्या थाळीपाशी उभे राहू शकलो. मग वाकून तुकडा थाळीतच टाकू लागलो. मग एक हात थाळीला लावून दुसऱ्याने तुकडा. नोव्हेंबरात थाळी क्षणभर उचलायची, तीत कलेजी घालायची आणि लगेच परत ठेवायची, इतकी मजल गेली. थाळी वर गेली की टोबी शेपूट हलवू लागे. हे सर्व नंतर मावशींनी पहिल्यापासून, बारा पावलांपासून, पुन्हा केले. कारण एका माणसावरचा विश्वास दुसऱ्याच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. तोंडात काही सापडलेले असले तर आम्ही ते हिसकावत नाही. त्याहून चांगले काही पुढे करतो, तो हातचे सोडतो, आणि शक्य असेल तर त्याचे त्याला परतही देतो.

मुलांना या कामात घ्यायचे नाही, असे डॉक्टर बाईंनी निक्षून सांगितले होते, आणि आम्ही ते पाळले. शेवटी शेवटी एवढीच मुभा दिली की, मोठे माणूस बरोबर असताना, बंद फाटकाबाहेरून जाता जाता मुलाने एक तुकडा आत टाकावा आणि पुढे जावे.

चावा घेतलेला मुलगा हे सर्व रोज लांबून पाहत असे. आम्ही त्याला कधी बोलावले नाही. नाताळच्या सुटीत घरी जायच्या आदल्या दिवशी तो आपणहून आला. वडील कारखान्याकडे होते, मामा न्यायला यायचा होता. म्हणाला, “फादर, म्या टाकू का?” आम्ही तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मनगटावरची खूण पुसट झाली होती. तो फाटकापर्यंत गेला, थांबला. टोबीने थाळीतून तोंड वर केले. आमचा श्वास अडकला होता. मुलाने तुकडा टाकला. टोबीने तो खाल्ला, मुलाकडे पाहिले आणि त्याची शेपटी हलली, आधी थोडी, मग सगळी. मुलगा पळत परत आला आणि म्हणाला, “त्याला म्या आठवतो!”

कौन्सिलची बैठक झाली. टोबी राहिला. तो पूर्ण बरा झाला असे मात्र आम्ही म्हणत नाही. आजही तो फाटकाआडच जेवतो, आणि पाहुण्यांच्या मुलांना आम्ही तिकडे जाऊ देत नाही. दुखावलेल्यावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या दुखण्याचे भान सोडायचे, असे नव्हे.

वेताची छडी आम्ही पुष्कळ दिवस कपाटामागे ठेवून दिली होती. उपवासकाळात ती मावशींना दिली. त्यांनी तिचा उपयोग घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून केला. रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारायला लोक पुढे येतात तेव्हा आता आमचे लक्ष त्यांच्या हातांकडे जाते. खडी फोडलेले, कोयता धरलेले, शाईने डागळलेले हात. कोणी काही हिसकावत नाही, कोणी लपवत नाही. ओंजळ उघडी असते. जे ठेवायचे ते तीत ठेवले जाते. रांगेच्या शेवटी पांढऱ्या पदराच्या त्या आजीबाई असतात. त्या आता वर पाहतात.